वाच्यता

१९७५ सालचा मार्च महिना. आयर्लंडमधल्या डंडॉक गावच्या एका मठात चौदा वर्षांचा मुलगा तीन पाद्र्यांसमोर बसला आहे. वडील बरोबर आलेत, पण त्यांना बाहेर थांबवलंय. एक पाद्री प्रश्न विचारतो, दुसरा उत्तरं टिपून घेतो. टिपून घेणारा पस्तिशीचा आहे, चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट केलेला. मुलगा अडखळत सगळं सांगतो. ब्रेंडन स्मिथ नावाच्या पाद्र्याने सहलीला नेऊन आपल्याशी काय केलं, त्या सहलींना आणखी कोण कोण असायचं. त्या मुलांची नावं तो देतो, पत्तेही देतो. मग त्याच्यापुढे बायबल येतं. ठरावीक पाद्री सोडून दुसऱ्या कुणाशीही या गोष्टीची वाच्यता करणार नाही, अशी शपथ तो घेतो आणि कागदावर सही करतो.

मुलाला वाटलं, आता हे थांबेल. थांबलं नाही. त्याने सांगितलेल्या यादीतल्या एका मुलावर पुढे वर्षभर अत्याचार होत राहिले, त्याच्या बहिणीवर सात वर्षं. यादीतल्या मुलांच्या आईवडिलांना कुणी काही कळवलं नाही. स्मिथला शिक्षा झाली १९९४ मध्ये, तीही उत्तर आयर्लंडच्या न्यायालयात; त्याला सीमेपलीकडे सोपवायला लागलेल्या उशिरावरून डब्लिनमधलं सरकार पडलं. टिपणं घेणारे शॉन ब्रेडी २००७ मध्ये कार्डिनल झाले. त्या खोलीत ते होते, हे २०१० मध्ये जगाला कळलं. आपण नेमून दिलेलं काम केलं, वरिष्ठांना अहवाल दिला, पोलिसांकडे जाणं आपल्या अधिकारात नव्हतं, असा त्यांचा खुलासा होता.

‘वाच्यता’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठीत तो बहुधा नकारातच राहतो. ‘वाच्यता कर’ असं कुणी कुणाला सांगत नाही. ‘कुठे वाच्यता करू नकोस’ असंच सांगतात. आणि इंग्रजीत ज्यांना ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात त्यांच्यासाठी आपल्याकडे धड शब्द नाही. ‘पीडित’ आहे, ‘बळी’ आहे. ‘वाचलेली’ म्हणावं तर त्याच्या आधी ‘थोडक्यात’ लागल्याशिवाय राहत नाही. तरी मला हाच शब्द जवळचा वाटतो, कारण मराठीत जीवही वाचतो आणि कागदही वाचला जातो, आणि धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास त्या दुसऱ्या वाचण्याशी बांधलेला आहे. अलीकडे सगळीकडे ‘पीडित आता बोलू लागले’ असं लिहिलं जातं. डंडॉकचा मुलगा १९७५ मध्येच बोलला होता, नावपत्त्यांसकट. त्याचं बोलणं कुणाच्या दफ्तरात जाऊन पडलं, एवढाच फरक होता.

दीडशे वर्षं म्हणतोय ती मुंबईपासून मोजून. २१ ऑक्टोबर १८६० रोजी करसनदास मुळजी या तरुण संपादकाने ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायातल्या महाराजांवर लेख लिहिला. भक्तांनी तन-मन-धन गुरूला अर्पण करायचं, आणि त्यातल्या ‘तन’चा अर्थ आपल्या लेकीसुना, असा व्यवहार उघड चालला आहे, हा त्याचा आशय. सुरतेचे जदुनाथजी महाराज यांनी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला, पन्नास हजारांचा. भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठराव केला की महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, देईल तो जातीबाहेर. त्या कटाबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन दंड झाला. मूळ दावा १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला आणि त्यात साक्षीला आले डॉ. भाऊ दाजी लाड, ज्यांचं नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे. महाराज मंडळींपैकी कुणाला आपण गुप्तरोगावर औषध दिलं, हे त्यांनी वैद्य म्हणून कोर्टात सांगितलं. एप्रिलमध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. नीतीला जे चूक ते धर्माला बरोबर असू शकत नाही, असं न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी त्यात म्हटलं.

या खटल्याची गोष्ट २०२४ मध्ये ‘महाराज’ या चित्रपटामुळे पुन्हा चर्चेत आली, तेव्हाही प्रदर्शन अडवायला काही जण गुजरात उच्च न्यायालयात गेलेच. पण मला त्या निकालापेक्षा दुसरंच काही खटकत राहतं. त्या खटल्यातून आपल्यापर्यंत पोहोचलेली नावं संपादकाची, डॉक्टरची, साक्षीला आलेल्या मिशनऱ्याची, न्यायाधीशांची. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं त्या बायकांपैकी एकीचंही नाव लोकांच्या तोंडी उरलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात वर्षातून एकदा एक महाराज उतरत. पाद्यपूजा, प्रसाद, सगळं यथासांग. पण वरच्या खोलीत त्यांना दूध नेऊन द्यायचं झालं की थोरल्या काकू स्वतः जिना चढायच्या. मोठ्या मुलींना ‘तू नको, मी जाते’. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. महाराजांच्या पाया मात्र काकूही पडत. माहिती होती, ती सावधगिरीच्या रूपाने एका पिढीकडून दुसरीकडे जात होती. तिचा आरोप कधी झाला नाही. पुढे बॉस्टन, डब्लिन, फ्रान्समधल्या लियोंच्या हकिकती वाचताना हेच सापडत गेलं. तिथल्या आयांनाही कुठल्या पाद्र्याच्या गाडीत पोराला बसू द्यायचं नाही हे ठाऊक असायचं.

बॉस्टनची गोष्ट आता सिनेमामुळे सर्वांना माहीत आहे. ६ जानेवारी २००२ च्या ‘बॉस्टन ग्लोब’मध्ये जॉन गेगन या पाद्र्याची बातमी आली. तीस वर्षांत अर्धा डझन धर्मग्रामांत (वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींचा हा शब्द, एका चर्चभोवतालची वस्ती) त्याच्या बदल्या होत राहिल्या आणि १३० हून अधिक जणांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. सिनेमा पाहून वाटतं की वार्ताहरांनी हे शोधून काढलं. त्यांनी कष्ट घेतले यात शंका नाही, पण शोधावं असं त्यात फार थोडं होतं. एकाच कुटुंबातल्या सात मुलांना गेगनने नासवलं, तेव्हा त्या मुलांच्या एका नातेवाईक बाईने १९८२ मध्ये तेव्हाच्या कार्डिनलना पत्र लिहिलं होतं. तुम्ही आम्हाला गप्प बसायला सांगता आणि तो अजून धर्मग्रामात आहे, ही त्या पत्रातली तक्रार. १९८४ मध्ये नवे आर्चबिशप बर्नार्ड लॉ आले तेव्हा तिने त्यांनाही लिहिलं. त्याच वर्षी लॉ यांच्या हाताखालच्या एका बिशपने या माणसाच्या नव्या नेमणुकीवर लेखी आक्षेप घेतला. नेमणूक कायम राहिली. ही सगळी पत्रं फायलीत व्यवस्थित लावलेली होती. ती बाहेर आली कारण वर्तमानपत्राने कोर्टात मागणी केली आणि न्यायाधीशांनी मोहोर काढली. डिसेंबर २००२ मध्ये लॉ यांनी राजीनामा दिला. दीड वर्षात रोममधल्या एका मोठ्या बॅसिलिकाचं प्रमुखपद त्यांना मिळालं.

बॉस्टनच्या आधीही लुइझियाना होतं. तिथल्या गिल्बर्ट गोथे या पाद्र्याला १९८५ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. तिथे बऱ्याच कुटुंबांनी चर्चकडून पैसे घेऊन गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. एका कुटुंबाने सही नाकारली म्हणून मुलाची साक्ष जाहीरपणे झाली. हा गुप्ततेचा करार म्हणजे डंडॉकच्या शपथेचं वकिली रूप. फिल सॅव्हियानो यांची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेडेगावात लहानपणी त्यांच्यावर अत्याचार झाले. १९९५ मध्ये तडजोडीची वेळ आली तेव्हा ते एड्सने आजारी होते, फार दिवस काढतील असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. मरताना तरी तोंड बांधून घ्यायचं नाही म्हणून त्यांनी गुप्ततेचं कलम धुडकावलं आणि अगदी किरकोळ रकमेवर समाधान मानलं. नवी औषधं आली, ते जगले. मोकळं तोंड घेऊन जगलेला हा माणूस कागदांचा खोका घेऊन वार्ताहरांकडे जात राहिला. २०२१ मध्ये ते वारले. तब्येत बरी असती तर त्यांनीही सही केली असती का? त्यांच्यासारख्या असंख्यांनी केली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणाला आहे असं मला वाटत नाही.

आकडे इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या बिशपांनीच करवून घेतलेल्या जॉन जे कॉलेजच्या २००४ च्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळातले ४,३९२ आरोपी पाद्री निघाले, एकूण पाद्र्यांच्या सुमारे चार टक्के, आणि १०,६६७ तक्रारदार. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने २०१८ मध्ये सहा धर्मप्रांतांच्या (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला मुलूख) फायली तपासून तीनशेहून अधिक पाद्री आणि हजाराहून अधिक मुलं मोजली. मुदतीच्या कायद्यामुळे त्यातल्या जवळजवळ कुणावरही खटला भरता आला नाही. हा मुदतीचा प्रश्न लहान नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनला आढळलं की लहानपणीचा अत्याचार माणूस पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो तो सरासरी जवळपास २४ वर्षांनी. कायद्याची मुदत तोवर कधीच उलटलेली असते. न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी २०१९ पासून ठरावीक काळासाठी जुन्या दाव्यांना दार उघडलं, तेव्हा दाव्यांची रांग लागली आणि एकामागून एक धर्मप्रांत दिवाळखोरीचे अर्ज करू लागले.

आयर्लंडकडे पुन्हा जायला हवं, कारण हा प्रश्न एखाद्या पाद्र्याचा नसून संस्थेच्या भाषेचा आहे हे तिथे फार स्पष्ट दिसलं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती मर्फी यांच्या आयोगाचा डब्लिनविषयीचा अहवाल आला. त्यात ‘मानसिक आरक्षण’ नावाची एक चीज आहे. चर्चच्या जुन्या नीतिशास्त्रात तिला जागा आहे: खोटं बोलणं पाप, पण अर्धं वाक्य मनात ठेवून समोरच्याचा गैरसमज होऊ दिला तर ते खोटं नव्हे. कार्डिनल कॉनेल यांनी आयोगाला ही कल्पना समजावून सांगितली होती. धर्मप्रांताच्या पैशातून नुकसानभरपाई दिली का, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा धर्मप्रांताचा पैसा यासाठी ‘वापरला जात नाही’ असं उत्तर त्यांनी दिलं. वापरला गेला होता. पण त्यांनी वर्तमानकाळ वापरला होता, भूतकाळ नव्हे. आपल्याला हे नवीन नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ त्या एका वाक्याने जमिनीला टेकला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. डब्लिनचे रथ टेकायला बराच वेळ लागला.

टेकले मात्र. २०११ मध्ये क्लॉइन धर्मप्रांताचा अहवाल आल्यावर पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत व्हॅटिकनवर असं भाषण केलं की कॅथलिक आयर्लंडमध्ये ते कुणी स्वप्नातही आणलं नसतं. त्याच वर्षी आयर्लंडने व्हॅटिकनमधला आपला दूतावास बंद केला. आणि एकोणीस वर्षांपूर्वी, १९९२ मध्ये, शिनेड ओकॉनर या गायिकेने अमेरिकन टीव्हीवर पोपचा फोटो फाडला म्हणून जिला वेडी ठरवलं होतं, तिची तेव्हाची मुलाखत लोक पुन्हा काढून वाचू लागले.

चिलीची गोष्ट पत्राचीच आहे. सांतियागोमधल्या फर्नांडो करादिमा या वजनदार पाद्र्याविरुद्ध तीन जण, खुआन कार्लोस क्रूझ, जेम्स हॅमिल्टन आणि खोसे आंद्रेस मुरिय्यो, २०१० मध्ये टीव्हीवर आपल्या नावाने आणि चेहऱ्याने बोलले. पुढच्या वर्षी व्हॅटिकनने करादिमाला दोषी ठरवलं. पण त्याच्याच शिष्यगणातले खुआन बारोस २०१५ मध्ये ओसोर्नोचे बिशप झाले. बारोस हे सगळं डोळ्यांनी पाहत होते, असा या तिघांचा आरोप. जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस चिलीला आले, पत्रकारांनी बारोसबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की पुरावा आणा, ही निव्वळ बदनामी आहे. तीन आठवड्यांत असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं की क्रूझ यांचं आठ पानी पत्र २०१५ मध्येच पोपपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांच्या सल्लागार कार्डिनलच्या हाती दिलं गेलं होतं. पत्र नेऊन देणाऱ्यांत डब्लिनच्या मरी कॉलिन्स या पीडितेचाही समावेश होता.

नंतर जे घडलं त्याचं श्रेय फ्रान्सिस यांना द्यायला हवं. त्यांनी चौकशीला माणसं पाठवली, ६४ जणांचे जबाब घेतले गेले, २,३०० पानांचा अहवाल आला. आपण चुकलो असं पोपने लेखी कबूल केलं, तिघांना आपल्याच निवासस्थानी बोलावून एकेकाचं ऐकून घेतलं, आणि मे महिन्यात चिलीच्या झाडून सगळ्या बिशपांनी राजीनामे देऊ केले. कुठल्याही धर्मसंस्थेच्या इतिहासात याला तोड नसावी. तरी एक गोष्ट राहतेच: पत्र २०१५ चं होतं.

फ्रान्समध्ये २०२१ ला सोव्हे आयोगाने वेगळा रस्ता धरला. धर्मप्रांतांची आणि न्यायालयांची दफ्तरं चाळून त्यांना २,९०० ते ३,२०० अत्याचारी पाद्री आणि संन्यासी सापडले. पण आयोग तिथे थांबला नाही. त्याने २८,००० फ्रेंच माणसांची पाहणी करून घेतली, थेट विचारलं, आणि त्यावरून अंदाज बांधला की १९५० पासून पाद्री-संन्याशांनी सुमारे २,१६,००० मुलांवर अत्याचार केले. चर्चच्या शाळा-संस्थांतली साधी माणसं धरली तर ३,३०,०००. अंदाजाच्या पद्धतीवर टीका झाली, ती होणारच. परंतु कागदावर आलेलं आणि माणसांच्या पोटात राहिलेलं यांतलं अंतर किती असतं, याचा इतका ढळढळीत हिशेब आधी कुणी मांडला नव्हता.

ऑस्ट्रेलियाच्या कमिशनने २०१३ ते २०१७ या काळात आठ हजारांहून जास्त लोकांचं बंद खोलीत, एकेकट्याचं ऐकलं. उलटतपासणी नाही, वकील नाही. बॅलराट हे त्या देशातलं सर्वांत पोळलेलं गाव. तिथे २०१५ मध्ये लोकांनी जुन्या कॅथलिक शाळेच्या आणि कॅथीड्रलच्या कुंपणांना रंगीत फिती बांधायला सुरुवात केली. एक फीत एका मुलासाठी, किंवा जगून न निघालेल्यासाठी. कारण या गावात पुढे आत्महत्या केलेल्या पोरांची यादीही मोठी आहे. कधी कुणी फिती कापून टाकायचं, दुसऱ्या दिवशी नव्या दिसायच्या. उन्हापावसात रंग उडालेल्या फितींच्या शेजारी करकरीत नवी फीत म्हणजे कुणीतरी काल पहिल्यांदा येऊन गेलं.

याच बॅलराटचे कार्डिनल जॉर्ज पेल. २०१८ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी धरलं, ते चारशे दिवस तुरुंगात राहिले आणि २०२० मध्ये देशाच्या उच्चतम न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी ती शिक्षा रद्द केली. ही बाजू टाळून या विषयावर लिहिता येत नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या घटनेचा पुरावा फौजदारी कोर्टाच्या कसाला उतरतोच असं नाही. पण संशयाचा फायदा देणं हे न्यायाधीशाचं काम आहे. तक्रार आल्यावर पोलिसांना न कळवता माणसाची बदली करणं हा संशयाचा फायदा नसतो.

आता आपल्याकडे. कॅथलिक चर्चचीच एवढी चर्चा का, असा प्रश्न नेहमी येतो, कधी चर्चच्या बाजूने तक्रार म्हणून, कधी इतरांच्या बाजूने समाधान म्हणून. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू जस्टिन वेल्बी यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच एका जुन्या प्रकरणामुळे राजीनामा जाहीर करावा लागला, म्हणजे प्रश्न ब्रह्मचर्याचा आहे हे सोपं उत्तर टिकत नाही. माझ्या मते कॅथलिक चर्च सापडलं कारण त्यांच्याकडे दफ्तर आहे. दोन हजार वर्षांची लिहून ठेवायची सवय. आश्रमाला, डेऱ्याला, बाबाच्या मठाला दफ्तर नसतं. जिथे कागद नसतो तिथे माणूस हाच पुरावा, आणि मग पुरावा नाहीसा करायचा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

सिरसाच्या डेरा सच्चा सौदाची हकिकत तशीच. २००२ मध्ये एका साध्वीने पंतप्रधान वाजपेयींना निनावी पत्र लिहिलं, प्रती उच्च न्यायालयाला. गुरूच्या तळघरातल्या खोलीत काय चालतं ते त्यात होतं. सिरसाच्या रामचंदर छत्रपती यांनी ते आपल्या छोट्याशा सायंदैनिकात छापलं. त्या दैनिकाचं नाव ‘पूरा सच’. मुंबईचं ‘सत्यप्रकाश’ आणि सिरसाचं ‘पूरा सच’, मधे १४२ वर्षं. करसनदासांवर दावा झाला. छत्रपतींवर २००२ च्याच ऑक्टोबरमध्ये घरासमोर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या महिन्यात ते वारले. उच्च न्यायालयाने पत्राची स्वतःहून दखल घेऊन तपास सीबीआयकडे दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये डेऱ्याचा प्रमुख गुरमीत राम रहीम दोषी ठरला तेव्हा पंचकुल्यात भक्तांनी जाळपोळ केली, तीसहून अधिक माणसं मेली. बलात्काराबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि छत्रपतींच्या खुनाबद्दल २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली. त्यानंतर तो पॅरोल आणि फर्लोवर किती वेळा बाहेर आला हे बातम्या वाचणाऱ्याला माहीत आहे.

२०१३ चा ऑगस्ट महिना आपल्या लक्षात राहिला तो पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला म्हणून. त्यानंतर महाराष्ट्राने जो जादूटोणाविरोधी कायदा केला त्यात, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा लिहिलेला आहे. वाचणाऱ्यांनी भुताखेतांच्या कलमांपाशी न थांबता तिथवर जावं. त्याच ऑगस्टमध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीने आसाराम या बाबाविरुद्ध तक्रार दिली. तिचे आईवडील त्याचे भक्त होते, मुलगी त्याच्याच गुरुकुलात शिकत होती. पुढच्या दोन वर्षांत आसाराम आणि त्याच्या मुलावरच्या खटल्यांशी जोडलेल्या तीन साक्षीदारांचे खून झाले. ती मुलगी आणि तिचे वडील बदलले नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरला निकाल लागला, जन्मठेप.

केरळमध्ये चर्च आहे, पण दफ्तरापेक्षा समाजाचा दाब मोठा. कण्णूर जिल्ह्यातल्या कोट्टियूरला अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली तेव्हा पाद्र्याला वाचवण्यासाठी तिच्या बापाने आधी गुन्हा स्वतःवर घेतला. पोटच्या पोरीवरचा गुन्हा. हे वाक्य लिहितानाही हात थांबतो. पाद्र्याला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती पुढे दहावर आणली. मधे दोघांच्या लग्नाला परवानगी मागणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेटाळले गेले.

जालंधरचे तेव्हाचे बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर एका सिस्टरने बलात्काराचा आरोप केला, त्याची बरीच चर्चा झाली. तिने आधी चर्चमधल्या वरिष्ठांना पत्रं लिहिली, मग जून २०१८ मध्ये पोलिसांत गेली. सप्टेंबरमध्ये तिच्या मठातल्या सहकारी सिस्टर पायघोळ झग्यांत कोचीच्या रस्त्यावर धरणं धरून बसल्या. भारतीय चर्चने असं दृश्य आधी पाहिलं नव्हतं. बिशपना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. सिस्टरच्या जबाबात विसंगती आहेत, असं निकालपत्रात आहे. मुलक्कल यांनी पुढच्या वर्षी बिशपपद सोडलं. खरंखोटं न्यायालयं ठरवतील. पण ज्या सज्ञान बाईने आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, जिचं घर, अन्न, औषधपाणी, बदली सगळं वरिष्ठांच्या हातात आहे, तिने लगेच का सांगितलं नाही, हा प्रश्न ज्या सहजतेने विचारला गेला तो मला अजून टोचतो. लहान मुलांसाठी पॉक्सो आहे. मोठ्या माणसाच्या श्रद्धेचा गैरफायदा आपल्या कायद्याला अजून नीट पकडता येत नाही.

पॉक्सोच्या १९ व्या कलमाने एक मोठी गोष्ट केली: मुलावरच्या अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुणालाही, बिशप असो की मुख्याध्यापक, ती पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं. मुंबईत गोवंडीच्या एका मुलाच्या प्रकरणात कुटुंब २०१५ मध्ये आधी मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्याकडे गेलं होतं. ते त्याच रात्री रोमला जायला निघाले, आणि कुटुंब मग पोलिसांकडे गेलं. आपण हे अधिक चांगलं हाताळू शकलो असतो, असं ग्रेशस यांनी २०१९ मध्ये बीबीसीला सांगितलं. त्याच फेब्रुवारीत व्हॅटिकनमध्ये या विषयावर भरलेल्या जागतिक परिषदेच्या चार आयोजकांपैकी ते एक होते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या पाद्र्याला जन्मठेप ठोठावली.

त्या परिषदेत जर्मनीचे कार्डिनल मार्क्स उभे राहिले आणि म्हणाले की ज्या फायलींतून हे गुन्हे आणि गुन्हेगारांची नावं कळली असती, त्या नष्ट केल्या गेल्या किंवा तयारच केल्या गेल्या नाहीत. त्यांना बोलायला आधार होता. आदल्याच वर्षी जर्मनीत १९४६ ते २०१४ या काळातल्या ३८ हजार फायलींवरचा अभ्यास येऊन ३,६७७ पीडित मुलं मोजली गेली होती, आणि संशोधकांना मूळ दफ्तराला हात लावू दिला नव्हता. चर्चचे लोक फायली पाहून माहिती भरून देत होते. फायली फाडल्याच्या खुणा तरीही सापडल्या.

यात नेहमीच लपवाछपवी होती असंही नाही. चर्चच्या कायद्यातलं ४८९ वं कलम सांगतं की प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दफ्तर असावं, नाहीतर निदान कुलूपबंद कपाट तरी. किल्ली फक्त बिशपकडे. त्यात नीतिविषयक गुन्ह्यांचे जे कागद असतील त्यांपैकी आरोपी मेला असेल, किंवा शिक्षेला दहा वर्षं झाली असतील, ते दरवर्षी नष्ट करावेत; निकाल आणि चार ओळींचा सारांश तेवढा ठेवावा. फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरची ‘पोपची गुप्तता’ उठवली. २०२१ मध्ये चर्चचं दंडविधान नव्याने लिहिलं गेलं, त्यात मुलांवरच्या अत्याचाराचं कलम ब्रह्मचर्यभंगाच्या यादीतून काढून मानवी प्रतिष्ठेविरुद्धच्या गुन्ह्यांत घातलं. ४८९ व्या कलमाला कुणी हात लावला नाही.